तळाच्या दोन ओळी

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहायला गेले आणि पेन अडलं. 'श्रीमती' काही लिहवेना. म्हणून नुसता दुकानाचा पत्ता घातला आहे. पोस्टमन तुला ओळखतो, पत्र पोचेल.

बातमी अशी की ३१ मार्चला मी निवृत्त होते. बंदरावरच्या तिकिटाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले. समोरच्या बेटाची किती तिकिटं फाडली असतील देव जाणे, पण मी स्वतः तिथे एकदाही गेलेली नाही. लोक खिडकीशी वाकून विचारतात, बाई, बेट कसं आहे. मी बेधडक सांगते की डावीकडचा किनारा शांत आहे, उजवीकडे खडक आहेत, दुपारी वाळू तापते, चपला काढू नका. सगळं परत येणाऱ्यांकडून ऐकलेलं. एकाने मागे विचारलं की तुम्ही दर वर्षी जात असाल ना. मी हो म्हणून टाकलं. नाही म्हटलं असतं तर तो परत फिरला असता.

निवृत्त होणाऱ्याला कंपनी एक पास देते. दोन माणसं, जाऊन-येऊन, आणि बेटावरच्या कंपनीच्या विश्रामगृहात तीन रात्री. एप्रिलअखेर समुद्र खवळायला लागतो आणि बोट बंद होते, म्हणून त्याच्या आत जायला हवं. मी १२ एप्रिल धरला आहे. तू माझ्याबरोबर येते आहेस. विचारत नाही, कळवते आहे.

पास सहजासहजी मिळाला असं समजू नकोस. आमच्या हेडक्लार्कला आम्ही सगळे 'नियमावली' म्हणतो. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले की कुटुंबीय म्हणजे नवरा, मुलं, आईवडील, फार तर भाऊ. भावाची बायको यात बसत नाही, आणि भाऊच नाही म्हटल्यावर तर मुळीच नाही. मी विचारलं, भाऊ गेला की वहिनी परत करायची असते का, दुकानातून आणलेला बूट आहे का ती? मग त्यांनी रकाना दाखवला, कोण कोणावर अवलंबून आहे ते लिहा. मी म्हटलं, मी तिच्यावर अवलंबून आहे असं लिहा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. एकतीस वर्षांत त्या माणसाने माझं पहिल्यांदाच ऐकलं.

आता तू नाही म्हणायच्या आधी एक सांगते. तुझ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी तो आपल्या दोन ओळी लिहायचा. सप्टेंबरातल्या शेवटच्या पत्रावर त्याने लिहिलं होतं की ताई, आता येऊ नकोस, मी सुधारतो आहे, सुट्टी राखून ठेव, मग आपण तिघं बेटावर जाऊ. पाण्याला एवढा भिणारा माझा भाऊ बेटावर जाऊ म्हणतो, म्हणजे नक्कीच बरा होत असणार, असं मला वाटलं. सोमवारपासूनची मंजूर झालेली सुट्टी मी रद्द केली. पुढच्या शनिवारी तार आली. ते पत्र माझ्या खिडकीच्या खणात आहे. त्याची ही शेवटची इच्छा आहे, वहिनी. ती आपण दोघींनी पुरी करायची.

अजून पत्राच्या तळाशी तू दोन ओळींची जागा कोरी सोडतेस. सोडत जा. पाहून बरं वाटतं.

माझा जीव तुझ्यात आहेच, त्याला धक्का लावू नकोस.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनने पत्ता पाहून विचारलं की नाव का नाही. मी म्हटलं, घाईत राहिलं असेल.

निवृत्तीचं वाचून बरं वाटलं. तुमच्या गुडघ्यांना त्या उंच स्टुलावरून सुट्टी मिळेल. नियमावलींची गंमत वाचून पुष्कळ दिवसांनी हसले. शेजारच्या बेकरीवाल्यांनी भिंतीपलीकडून विचारलं की काय झालं.

माझं इकडे ठीक आहे. दुकान सकाळी नऊला उघडते. शाळेकडून बावीस वर्गांच्या पाट्या आल्या आहेत. जुना रंग खरवडून पुन्हा पांढरा हात द्यायचा, मग अक्षरं. आठ झाल्या. यांच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं अजून येतात, आणि दाराशी उभी राहून पेंटर आहेत का असं विचारायचं थांबली आहेत. आधी ते विचारणं नको व्हायचं. आता कोणी विचारत नाही तेही बरं वाटत नाही.

बेटाचं म्हणाल तर मला जमेलसं दिसत नाही. पाट्या राहिल्या आहेत. मी बोटीत कधी बसलेली नाही, मला बसमध्येसुद्धा मळमळतं. तिकडे नेण्यासारखे कपडे नाहीत, सगळ्या साड्यांवर रंगाचे डाग आहेत. आणि चार दिवस नुसतं बसून करायचं काय, तेही कळत नाही.

ताई, ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण ती नव्हेत. शेवटच्या पत्रातल्या त्या दोन ओळींबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पाच महिने झाले, ते जमलेलं नाही. ते सांगितल्याशिवाय मी तुमच्याबरोबर एका खोलीत तीन रात्री राहू शकणार नाही. आणि सांगितल्यावर तुम्ही मला नेणार नाही. म्हणून तुम्हीच आग्रह सोडावा असं वाटतं. त्या पत्रावर एवढा भार ठेवू नका, एवढंच आज लिहिते.

गुडघ्यांना शेक घेत जा. लोभ कमी झाला तर तो माझ्याच दोषाने होईल, तुमच्या नाही.

आपली,
वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

तुझी कारणं एकेक करून निकालात काढते. शाळा उघडते जूनमध्ये. पाट्या एप्रिलात सुकल्या काय आणि मेमध्ये सुकल्या काय, मुलं त्याच वर्गात नापास होणार. मळमळीचं म्हणशील तर बोटीत मधोमध बसायचं, खाली पाण्याकडे न बघता लांब बघायचं आणि आल्याचा तुकडा चघळायचा. हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगते आहे. एकानेही परत येऊन तक्रार केलेली नाही. ज्यांना फरक पडला नाही ते बोलायच्या अवस्थेत नसतील. डागांच्या साड्या मुद्दाम आण. तिथे आपल्याला ओळखतं कोण? लोकांना वाटेल नक्षी आहे.

मी माझी पिशवी आतापासून भरायला घेतली आहे. छत्री, टॉर्च, पत्त्यांचा जोड आणि दोन टोप्या. टोपी घालणार नाही असं म्हणशील, पण तिथलं ऊन डोक्यावर हातोडा मारतं असं सगळे सांगतात. मी गुडघाभर पाण्यात जाणार आहे. तू काठावर उभी राहून माझ्या चपला सांभाळ. चार दिवस करायचं काय, याचं उत्तर मिळालं ना?

आता ते दुसरं. मी रात्रभर विचार केला. तापाच्या भरात त्याने ते लिहिलं, असं तुला म्हणायचं असेल. किंवा तो माझ्यावर चिडला होता आणि तू त्याला समजावून ते लिहून घेतलंस. असेल तसं. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मोडून पडणार नाही. काय ते सांगून मोकळी हो.

पण भार ठेवू नका म्हणतेस ते जमायचं नाही. सख्खी बहीण, एका दिवसाच्या वाटेवर राहते, आणि भावाच्या शेवटच्या आजारात गेली नाही. असं लोक बोलतात. तोंडावर बोलत नाहीत, पण मला कळतं. तेव्हा मी खण उघडते आणि ते पत्र काढून वाचते. ओळी त्याच्या हातच्या आहेत. त्यानेच येऊ नको म्हटलं. तेवढं मला पुरतं. ते पत्र मी बेटावर बरोबर आणणार आहे.

काय ते लवकर लिही. आणि बोटीच्या यादीत तुझं नाव मी घालून ठेवलं आहे, हेही लक्षात असू दे.

तुझी हट्टी,
ताई


२६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. त्यात तीन वेळा लिहायला बसले. आज दुकान बंद ठेवून लिहिते आहे.

आमचं काम कसं चालायचं ते तुम्ही पाहिलं आहे, पण पूर्ण पाहिलेलं नाही. हे खडूच्या दोरीने पाटीवर रेघा मारायचे, अक्षरांच्या कडा काढायचे, आणि मी आतला रंग भरायची. वीस वर्षं तसंच चाललं. गेली दोन वर्षं यांचा हात कापायला लागला होता. ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मग कडाही मीच काढायला लागले. आधी हे मागे उभे राहून सांगायचे, मग सांगावं लागेनासं झालं. कोपऱ्यातली सही तेवढी हे करायचे, पुढे तीही मी करायला लागले. रस्त्यावरच्या पाट्यांपैकी कुठली यांची आणि कुठली माझी, ते आज मलाही चटकन सांगता येणार नाही. गिऱ्हाइकांना फसवतो आहोत असं आम्हाला कधी वाटलं नाही. दुकान एक, अक्षर एक.

जुलैपासून यांना पेन धरता येईना. पत्राच्या तळाच्या ओळी कोऱ्या गेल्या तर ताई धावत येईल, असं हे म्हणाले. मग ते सांगायचे आणि मी त्यांच्या हातासारखं लिहायची. पाट्यांचं जे चालत होतं तेच पत्राचं झालं. जुलै-ऑगस्टमधल्या चार पत्रांतल्या ओळी अशा आहेत. हात माझा, शब्द त्यांचे.

पाचवं पत्र सप्टेंबरातलं. तुमची सुट्टी मंजूर झाली, पुढच्या सोमवारी निघते, असं तुमचं कार्ड आलं त्या दिवशीचं. त्या ओळी लिहिल्या तेव्हा हे झोपलेले होते. मी विचारलं नाही. हात माझा आणि शब्दही माझे.

बेटाचं यांनी कधी म्हटलं नव्हतं. तुम्हाला खरं वाटावं म्हणून मी ते घातलं. लिहिताना वाटलं होतं की ताई ओळखतील, हे तर बादलीभर पाण्यालाही भितात. तुम्ही ओळखलं नाहीत. उलट त्यावरच विश्वास ठेवलात.

मी असं का केलं, ते पाच महिने स्वतःला विचारते आहे. डॉक्टर म्हणाले होते की गुरुवारपर्यंत घरी सोडू. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, ताईंची सुट्टी फुकट जायला नको. हे मी पुष्कळ दिवस खरं धरून चालले. पण ते पुरतं खरं नाही. तुम्ही आलात की हे उठून बसायचे, तुमच्याशी चढाओढीने थट्टा करायचे, आणि तुम्ही गेल्यावर दोन दिवस खोकत राहायचे. मला ते शांत हवे होते. आणि ताई, मला ते एकटीला हवे होते. तुम्ही दोघं बोलायला लागलात की तुमच्या लहानपणात जायचात, आणि मी चहा करायला उठायची. त्या चार दिवसांत मला चहा करायला उठायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. लिहून पाहिल्यावर फार लहान दिसतं.

तुम्ही यायला निघाला होतात. मी थांबवलं. लोकांना जे पत्र तुम्ही मनातल्या मनात दाखवता, ते खोटं आहे. पण न येण्याचा दोष तुमचा नाही, हे मात्र त्याच्याशिवायही खरं आहे.

यादीतून माझं नाव काढावं. यापुढे लोभाचं काही मागायचा मला अधिकार राहिलेला नाही, म्हणून ते वाक्य लिहीत नाही.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

उत्तर द्यायला उशीर झाला. मुद्दाम केला.

तुझी सगळी पत्रं काढली. जुलैच्या आधीची एका बाजूला ठेवली आणि नंतरची दुसऱ्या बाजूला. खिडकी बंद झाल्यावर दिव्याखाली धरून पाहिली. एकही अक्षर वेगळं दिसत नाही. मी त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं. मला त्याचा हात ओळखता येत नाही, याचा राग कोणावर काढू ते कळत नाही. तुझ्यावर आहेच.

शनिवारी गिऱ्हाइकाला चुकीचं तिकीट दिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. नियमावलींनी ते स्वतः बदलून दिलं आणि मला घरी जायला सांगितलं.

मला एकच विचारायचं आहे. पाचवं पत्र लिहिलंस तेव्हा तो झोपला होता, ते कळलं. पण त्या दिवसांत त्याने माझं काही विचारलं होतं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तुझ्या बरं वाटवण्याने माझं पुष्कळ झालं आहे.

ताई


२१ मार्च

तीर्थरूप ताईंस,
सा. न.

तुम्ही विचारलंत ते मागच्या पत्रात सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आता जसं झालं तसं लिहिते.

हो, विचारलं होतं. दोनदा.

पहिल्यांदा रविवारी सकाळी. वॉर्डात यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर शांतता राखा अशी पाटी होती. कोणीतरी हौसेने रंगवलेली. अक्षरं एका बाजूला उतरत गेलेली आणि शेवटच्या अक्षराला जागाच उरलेली नव्हती. हे दिवसभर त्या पाटीकडे बघून बेचैन व्हायचे. नर्सला म्हणाले की मला औषध नको, ती पाटी काढा. मग मला म्हणाले की ताई इथे असती तर स्टुलावर चढून पाटी उतरवली असती आणि वर डॉक्टरांशी भांडली असती. मी हसले. ते म्हणाले, ती कधी येणार आहे? मी म्हटलं, कळवते.

दुसऱ्यांदा सोमवारी, म्हणजे मी पत्र टाकलं त्या दिवशी. दुपारी हे उठले तेव्हा पत्र पेटीत टाकून मी परत आले होते. त्यांनी पाणी मागितलं. पेला परत देताना म्हणाले, "ताईला बोलाव."

मी हो म्हटलं. पेटीतलं पत्र पाच वाजता उचलतात. तेव्हा तीनही वाजले नव्हते. मी जाऊन पेटीपाशी उभी राहू शकले असते, पोस्टमनला विनवून पत्र परत मागू शकले असते. तारघर त्याच रस्त्यावर होतं. मी खाटेपाशी बसून राहिले. गुरुवारी घरी सोडणार आहेत, घरी गेल्यावर बोलावू, असं स्वतःला सांगितलं. गुरुवारी सोडलं नाही. त्यानंतर पुढल्या शनिवारपर्यंत रोज तार करीन म्हटलं आणि रोज वाटलं की आता केली तर पत्राचं सांगावं लागेल. ती तार शेवटी दुसऱ्याच मजकुराची झाली.

यांनी पुन्हा विचारलं नाही. मी बोलावलं आहे अशाच समजुतीत ते होते. दार वाजलं की मान वळवायचे.

हे लिहिलं नसतं तर चाललं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. तुम्ही बरं वाटेल असं लिहू नको म्हणालात, म्हणून सगळं लिहिलं. यापलीकडे माझ्याकडे लपवलेलं काही नाही.

पासावर दुसरं कोणी न्यावं. तुमच्या कचेरीतल्या त्या शिपाईणबाई, ज्या तुमच्यासाठी डबा खायला जागा धरून ठेवतात, त्यांना न्यावं. एकट्या जाऊ नका. गुडघ्याचं लक्षात ठेवा.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

उद्या शेवटचा दिवस. खण रिकामा करून बसले आहे आणि हे लिहिते आहे. खिडकीपुढे गर्दी नाही.

तुझं पत्र वाचून मी एक पत्र लिहिलं होतं, सहा पानांचं. ते टाकलं असतं तर तू मला पुन्हा कधी लिहिलं नसतंस. पाकीट चिकटवलं आणि मग हिशेब केला की हे तुला पोचायला पाच दिवस, तुझं उत्तर यायला पाच दिवस, आणि तोवर माझा राग कुठल्या कुठे गेलेला असेल नाही तर दुप्पट झालेला असेल. टपालाने भांडता येत नाही, वहिनी. आपण दोघींनी टपालावर नको इतका विश्वास टाकला. मी आलेलं पत्र वाचून धीर धरला, तू लिहून वेळ मारून नेलीस, आणि माणूस मधल्या मध्ये दाराकडे बघत राहिला.

तो दाराकडे बघत होता, हे मला झोपू देत नाही. ते मी तुला माफ केलं आहे असं लिहिलं तर खोटं होईल. केलेलं नाही. पुढे होईल की नाही ते माहीत नाही.

पण शिपाईणबाईंना नेऊन मी काय करू? त्यांच्याशी मी माझ्या भावाबद्दल काय बोलू? तो पाटीवरून नर्सशी भांडला, हे जगात तुला आणि आता मला माहीत आहे. ते वाचून मी खिडकीत बसल्या बसल्या मोठ्याने हसले आणि मग खिडकी बंद करून घ्यावी लागली. असं अजून तुझ्यापाशी किती असेल. शेवटचे तीन महिने सगळेच्या सगळे तुझ्यापाशी आहेत. आणि तो सहा वर्षांचा असताना पाण्याला का भ्यायला लागला, ते फक्त मला माहीत आहे. त्याने तुला कधी सांगितलं नसणार, कारण त्यात चूक माझी होती. तूही ऐक.

आणखी एक. दोन-तीन दिवस त्या पत्राकडे मी वेगळ्या डोळ्यांनी बघते आहे. आपण तिघं बेटावर जाऊ, असं त्याने म्हटलं नव्हतं. तू म्हटलंस. तो झोपलेला, तू दवाखान्यात एकटी, आणि लिहिताना तुझ्या हातून तिघांचं बेट निघालं. खोटंच लिहायचं होतं तर काहीही लिहिता आलं असतं. त्याच्या इच्छेसाठी मी तुला ओढून नेणार होते. तुला जायचं आहे का, हे वीस वर्षांत आम्हा दोघांपैकी कोणी विचारलं नाही. आम्ही बोलत बसायचो आणि तू चहा करायला उठायचीस. ते मी पाहत होते. पाहून बसून राहायची, कारण चहा चांगला व्हायचा.

तर यादीतलं नाव मी काढलेलं नाही. १२ एप्रिलला बोट सकाळी सव्वासातला सुटते. तू आदल्या दिवशी दुपारच्या बसने निघ, संध्याकाळी पोचशील. स्टँडवर उतरलीस की तिथेच थांब, बंदराकडे चालत येऊ नकोस, रस्ता खोदलेला आहे. मी येते. सामान थोडं आण.

मी रागावलेलीच असेन. कदाचित बोटीत तासभर बोलणारही नाही, आणि तिथे पोचल्यावर जे काही बोलेन ते तुला ऐकून घ्यावं लागेल. ऐकवेना झालं तर तूही बोल. चार दिवस आहेत.

पण स्टँडवर तुझी पिशवी मीच घेणार. ती ओढून घेऊ नकोस.

तुझी,
ताई